भोंगा भंगारात काढू नका

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. खड्डे, पाण्याची वेळ, डुकरं यातलं काही नाही, त्यामुळे काहींना हा रिकामटेकडेपणा वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा. येत्या बारा तारखेला आपल्या गावातल्या तीन वस्तू किलोच्या भावाने जाणार आहेत, आणि एकदा गेल्या की परत येणार नाहीत.

नगरपालिकेने निरुपयोगी साहित्याच्या लिलावाची नोटीस लावली आहे. सवयीप्रमाणे यादी वाचायला गेलो. मोडक्या घंटागाड्या, गंजलेले पाईप, पाय तुटलेल्या खुर्च्या. मध्येच एका ओळीत "विद्युत सायरन, जुना, मोटारीसह, १ नग". थोडं खाली "रेडिओ संच, लाकडी पेटीतील, बंद, १ नग". आणि अगदी शेवटी "टेलिफोन बूथ, लोखंडी, काचेसह, १ नग".

चाळिशीच्या पुढच्यांना या तिन्ही वस्तू ओळखायला वेळ लागणार नाही. पहिला म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा आपला भोंगा. सकाळी नऊला आणि रात्री साडेआठला वाजायचा. दुसरा बागेतला रेडिओ, जो माळीकाका संध्याकाळी लावायचे आणि बातम्या संपल्या की कुलूप घालायचे. तिसरी स्टँडच्या कोपऱ्यावरची पीसीओची पिवळी टपरी, अतिक्रमण मोहिमेत उचलून आणली ती भांडारातच पडून राहिली.

ज्या सभेत हा लिलाव मंजूर झाला, त्याच सभेत दुसरा एक ठरावही मंजूर झाला आहे. मुख्य चौकात मोठा एलईडी स्क्रीन आणि बागेत सेल्फी पॉइंट. विरोधात कुणी बोललं नाही. मी पत्रकार कक्षात बसलो होतो, मीही बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मी मोबाईल बघत होतो.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं असं आहे की या तीन वस्तू भंगार नाहीत. आज गावाला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती करून देणारी ही साधनं आहेत, आणि तीही जवळजवळ फुकटात.

कोणती गरज? दिवसातून थोडा वेळ भानावर येण्याची.

दुसऱ्यांची उदाहरणं देण्याआधी घरचं सांगतो. माझी मुलगी आठवीत आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री मी जेवण उरकून बाहेरच्या खोलीत बसलो होतो. बेचाळीस ग्रुप आहेत माझ्या फोनवर, त्यातले नऊ मीच चालवतो. तेवढ्यात मुलीचा मेसेज आला, आतल्या खोलीतून. "बाबा, गणितात नापास झालेय. सही पाहिजे." उठून आत गेलो. म्हटलं, अगं, चार पावलांवर होतो मी, येऊन सांगायचंस ना. ती म्हणाली, "दोनदा आले होते. तुम्ही 'हं' म्हणालात. मेसेजला तुम्ही लवकर उत्तर देता."

यावर काय बोलणार? सही केली. रात्रभर झोप नाही.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत असंच काहीतरी चालू आहे, फक्त कुणी बोलत नाही. बोललं तर उपाय काय सांगतात? ध्यानाचं अॅप घ्या. म्हणजे ज्या फोनने डोकं फिरवलं, तोच फोन डोकं शांत करणार, आणि मध्येच नोटिफिकेशनही दाखवणार. कुंपणच शेत खातंय आणि आपण कुंपणालाच राखण करायला सांगतोय. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाणाऱ्यांना विचारा. तिथे फोन आधी जमा करून घेतात, मग पुढचं. पण भाजीवाल्या मावशीला आणि गॅरेजवाल्या पोराला दहा दिवस कोण देणार? त्यांना गावातच, रोज, फुकट काहीतरी मिळायला हवं.

ते मिळू शकतं, हे आपल्याच राज्यातल्या एका गावाने करून दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तीनएक हजार वस्तीचं. कोरोनात शाळा ऑनलाइन झाल्या, पोरांच्या हातात फोन आले. शाळा उघडल्या तरी फोन हातातच राहिले. शिक्षकांनी तक्रार केली. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे मांडला. पुरुष मंडळी आधी हसली, असं कुठं होतंय का म्हणून. बायकांनी मात्र कबूल केलं की आपलाही मालिकांत आणि मोबाईलमध्ये फार वेळ जातो. १४ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावसभेत ठरलं. देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. मधला दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलत बसायचं. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावलं. पुढे बेळगावजवळच्या हलग्यातही असाच भोंगा सुरू झाला. तिथे सात ते नऊ.

गंमत बघा. त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात 'भोंगा' हा शब्द राज्यभर भलत्याच कारणाने गाजत होता. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ भोंगा आणि भोंगाच. आम्हीही रकाने भरले. दोन-तीन महिन्यांनी एका खेड्याने तेच यंत्र उचललं आणि टीव्हीच बंद करायला वापरलं. आम्ही पत्रकारांनी या दुसऱ्या बातमीला पहिलीच्या शंभराव्या भागाएवढीही जागा दिली नाही.

मी या गोष्टीवर बराच विचार केला, की भोंगाच का चालला? सरपंचांनी रोज सातला व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला असता तर चाललं असतं का? नसतं. कारण मेसेज वाचायला फोन उघडावा लागतो, आणि एकदा उघडला की तुम्ही गेलात.

यंत्र म्हणून भोंगा अगदी साधा असतो. आत मोटारीवर फिरणारं खाचांचं चाक, बाहेर तशाच खाचांचं कवच. चाक फिरताना हवेची वाट क्षणात उघडते, क्षणात बंद होते, त्यातून आवाज तयार होतो. मोटार वेग घेते तसा आवाज चढत जातो, बंद केली की हळूहळू उतरतो. फोनच्या 'टिंग'सारखा तो दचकवत नाही, हातातलं काम आवरायला थोडा अवधी देतो. दुसरं म्हणजे तो एकट्याला हाक मारत नाही. फोनचा आवाज फक्त तुमच्यासाठी असतो, भोंग्याचा सगळ्या गावासाठी. शेजाऱ्याचाही फोन खाली गेलाय हे माहीत असलं की आपल्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. एकट्याने फोन बंद ठेवायला फार निग्रह लागतो. गावाने मिळून ठेवायला फक्त एक ठरलेली वेळ लागते.

भोंगा वाजवणारे काका आता निवृत्त आहेत, ऐंशीच्या घरात. परवा त्यांच्याकडे जाऊन बसलो. आकाशवाणीच्या ठोक्यावर मनगटातलं घड्याळ लावायचे, मगच बटण दाबायचे. अर्धा मिनिट इकडे-तिकडे झालं तर लोक रस्त्यात अडवून विचारायचे. मी म्हटलं, काका, आता प्रत्येकाच्या फोनमध्ये सेकंदासकट वेळ आहे, भोंग्याचं काय काम? ते म्हणाले, "अरे, घड्याळं तेव्हाही घरोघरी होतीच की. भोंगा झाला की साडेआठला दुकानं लागायची, माणसं घरी जायची, एकत्र जेवायची. वेळ सांगायला घड्याळ पुरतं रे. थांबायला सांगायला कुणीतरी लागतं."

थांबायला सांगणारं कुणीतरी. हे वाक्य घेऊनच घरी आलो.

आठवून बघा, जुन्या सगळ्या साधनांना शेवट होता. कॅसेटची एक बाजू संपली की खट्ट व्हायचं, उठून उलटी लावावी लागायची. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. दूरदर्शनचा कार्यक्रम रात्री संपायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. पीसीओवर मीटर पळायचा, म्हणून माणूस मुद्द्याचं बोलायचा. आताच्या पडद्याला तळच नाही. कितीही खाली सरकवा, पुढचं येतच राहतं. ही सोय २००६ साली शोधणाऱ्यांपैकी एक, अझा रास्किन, यांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. म्हणजे हा आपल्या पोरांचा वांडपणा नाही की आपला नाकर्तेपणा नाही. वस्तूच तशी घडवली आहे. आणि वस्तू घडवून जे बिघडवलं, ते दुसरी वस्तू मांडून काही प्रमाणात सावरता येईल. उपदेशाने सावरणार नाही.

आता रेडिओ. १९५६ साली पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातल्या १५० गावांत एक प्रयोग केला होता. गावातली पंधरा-वीस माणसं ठरलेल्या वेळी एका रेडिओभोवती बसायची. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. बी-बियाणं, खत, गावची कामं. शंका निघाल्या तर आकाशवाणीला कळवायच्या, पुढच्या कार्यक्रमात उत्तर यायचं. युनेस्कोची मदत होती, त्याचा रीतसर अभ्यास झाला, आणि नंतर देशभर रेडिओ ग्रामसभा सुरू झाल्या. आज आपण ज्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून टाळ्या वाजवतो, ते आपल्या आजोबांनी घोंगडीवर बसून केलं आहे. त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय होतं? ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करायचा आणि समोरच्या माणसाकडे बघून बोलायचं. आज आपण ऐकतो, फॉरवर्ड करतो, आणि बोलायचं राहून जातं.

तिसरी वस्तू, पिवळी टपरी. इथे थोडं लांब जावं लागेल, जपानला. ओत्सुची नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे इतारु सासाकी नावाचे बागकाम करणारे गृहस्थ. २०१० साली त्यांचा चुलतभाऊ कॅन्सरने वारणार होता, पुढे गेला. त्याच्याशी बोलणं राहून गेल्यासारखं वाटत होतं म्हणून त्यांनी घरच्या बागेत, टेकडीवर, एक जुना पांढरा टेलिफोन बूथ आणून ठेवला. आत तबकडीचा काळा फोन. त्याला वायर कुठेच जोडलेली नाही. रिसीव्हर उचलायचा, नंबर फिरवायचा आणि गेलेल्या माणसाशी बोलायचं. त्याला त्यांनी नाव दिलं, वाऱ्याचा फोन. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, ओत्सुचीतली शेकडो माणसं गेली. कितीतरींचे देहही मिळाले नाहीत. मग गावातली माणसं त्या बूथकडे येऊ लागली. पुढे जपानभरातून हजारो आली, आणि अशा बिनवायरच्या फोनचं अनुकरण इतर देशांतही झालं.

वाचताना तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही वाटलं. मग आठवलं, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये याच गावात मी रोज आकडे लिहीत होतो. किती जणांना आपल्या माणसाचं तोंडही बघता आलं नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं परस्पर नेलं. त्या माणसांशी काही बोलायचं राहिलं नसेल का? आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवेपर्यंत थांबतात, गेलेल्याच्या नावाने काय काय कबूल करतात. ते ज्यांचं राहून गेलं, त्यांच्यासाठी बागेच्या एका कोपऱ्यात, पारिजातकापाशी, ती टपरी उभी केली तर काय बिघडलं? आत जुना डबडा फोन. वायर नाही, बिल नाही, रेंज नाही. दार लावून दोन मिनिटं कुणाशीही बोला. जिवंत माणसाशी बोला, जे त्याच्यासमोर जमत नाही ते. ज्या दिव्यांग भाऊंची ती टपरी होती, ते ट्रंक कॉलच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा बघून सांगायचे, सुखाचा फोन आहे की दुःखाचा. त्यांची ती टपरी लोखंडाच्या भावाने विकायची?

आता हरकती. त्या येणार आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत.

"ही सक्ती झाली." नाही. दंड नको, यादी नको, कुणाच्या घरात डोकावणं नको. यवतमाळ जिल्ह्यात बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. हेतू चांगला असेल, पण बंदी पोरांवर आणि मोठे मोकळे, हे मला पटत नाही. भोंगा सगळ्यांना सारखा वाजतो, नगराध्यक्षांनाही आणि मलाही.

"धंदा बुडेल, यूपीआय कसं घेणार?" दुकान चालू राहू द्या, पैसे घ्या. दवाखाना, रुग्णवाहिका, रात्रपाळी, ज्यांची पोरं परगावी आहेत त्यांचे फोन, सगळं चालू. बंद करायचंय ते नुसतं सरकवत बसणं. एकट्या राहणाऱ्या आजीचा टीव्ही हीच सोबत असेल तर तिने तो खुशाल बघावा. किंवा त्या तासात कुणीतरी तिच्याकडे जाऊन बसावं.

"आवाजाचं प्रदूषण." नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. सात आणि आठ त्यात येत नाहीत. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, आणि लेखी परवानगी घेऊनच. दवाखान्याच्या बाजूला तोंड नको.

"सायरन म्हणजे धोका, लोकांची सवय बिघडेल." ही हरकत मी गंभीरपणे घेतो. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, तेव्हा जागोजागी जुने सायरन शोधून वाजवून पाहिले गेले. त्यानंतर वाहिन्यांनाही सांगण्यात आलं की उगाच कार्यक्रमात सायरन वाजवू नका. ते बरोबरच आहे. पण धोक्याचा सायरन वरखाली होत राहतो. एका सुरात वाजणारा सायरन म्हणजे धोका टळला. आपला एकसुरीच आणि आखूड ठेवू. तहसीलदार नको म्हणाले तर शाळेची जुनी पितळी घंटा आहे, तीही चालेल. आणि मला विचाराल तर याच कारणासाठी भोंगा चालू स्थितीत गावात असायला हवा. त्या ड्रिलच्या वेळी आपल्या वायरमनने तपासला होता. मोटार ठणठणीत आहे, वायरिंग बदलावं लागेल, एवढंच. मग तो यादीत 'निरुपयोगी' कसा झाला?

शेवटची हरकत माझीच. जुनं ते सोनं म्हणत रडण्यात अर्थ नाही. भोंगा काही पवित्र नव्हता. मुंबईत गिरणीचा भोंगा माणसाला पहाटे अंथरुणातून ओढून साच्यावर नेत असे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे ते भोंगे एकेक करून कायमचे गप्प झाले, तेव्हा गिरणगावाने रोजीरोटी गमावली. म्हणजे भोंगा हे हुकमाचं यंत्र होतं. म्हणूनच मला त्याचा हा नवा उपयोग आवडतो. जो माणसाला कामाला जुंपायचा, त्यानेच आता तासभर सोडवावं. आणि हुकूम मालकाचा नाही, सभेत बसून आपणच ठरवलेला.

तर माझी मागणी मोजकी आहे.

एक, या तीन वस्तू लिलावाच्या यादीतून काढा. भंगारात त्यांचे काही हजार येतील, एलईडी स्क्रीनच्या महिन्याच्या वीजबिलालाही पुरणार नाहीत.

दोन, एक महिना फक्त प्रयोग करा. संध्याकाळी सातला भोंगा, आठला भोंगा. महिन्यानंतर सभा बोलवा, लोकांना विचारा. नको म्हणाले तर बंद.

तीन, बागेत आठवड्यातून एक दिवस रेडिओ लावा आणि त्याच्याभोवती बाकं मांडा. ऐकून झाल्यावर बंद करा. पुढचं लोक बघून घेतील.

चार, पिवळी टपरी पुसून बागेत उभी करा. त्याला निविदा लागत नाही. सुतार आणि रंगारी मित्रमंडळी तयार आहेत, रंगाचे पैसे आम्ही काढू.

आणि पाचवी गोष्ट मागणी नाही, माझं वचन आहे. नगरपालिका काही ठरवो न ठरवो, येत्या सोमवारपासून संध्याकाळी सात ते आठ माझ्या नऊ ग्रुपवर मी एकही बातमी टाकणार नाही. अपघात, आग, पूर एवढे अपवाद. कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर त्या तासात आला तर आठनंतर बघेन. बाकीच्या ग्रुपच्या अॅडमिन मंडळींनी विचार करावा. त्या तासात मी आणि लेक गणित घेऊन बसणार आहोत. तिच्या आधी माझंच बीजगणित पक्कं करावं लागेल, असं दिसतंय.

लिलावावर हरकत लेखी द्यायची आहे, आवक-जावक विभागात, दहा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. मी अर्ज लिहून ठेवला आहे, सह्या करायला जुन्या वाचनालयात या. पोच घ्यायला विसरू नका.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये मनसोक्त भांडा, मी उत्तर देतो. फक्त सात ते आठ सोडून.